नोकरी सांभाळून एकामागून एक माहितीपर पुस्तकं कशी लिहितात लोक? (कथा-कादंबरी नाही)

परळची_पोर

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, आधीच सॉरी. मी बीकेसीत एका विमा कंपनीत क्लेमचं काम बघते, राहायला डोंबिवलीला, म्हणजे दिवसातले तीनेक तास लोकलला दान. दोनेक वर्षांपूर्वी माझं पहिलं पुस्तक आलं, गिरणगावात कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांवर. आमच्या आजीचीच खाणावळ होती, त्यामुळे अर्धी माणसं घरातलीच आणि उरलेली त्यांच्या ओळखीतून मिळत गेली, खरं सांगायचं तर ते पुस्तक मी लिहिलं कमी आणि गोळा केलं जास्त. परीक्षणं बरी आली, एका कॉलेजने बोलावलं, शाल-श्रीफळ झालं, आणि मग सगळं थंड.

आता लोक विचारतात पुढचं कधी, आणि मलाही तेच हवंय, म्हणजे हौसेने एक पुस्तक काढलं आणि विषय संपला असं नको, दर दोन-तीन वर्षांनी एक नीट पुस्तक येत राहिलं पाहिजे. पण डोक्यात विषय पाच आणि हातात एकही नाही. मुंबईचं पाणी, म्हणजे तलावापासून नळापर्यंत सगळं. कोकणात जाणाऱ्या आगबोटी. रेशनिंगचं दुकान. नाटकाचे बॅकस्टेजवाले. आणि सर्कस, का ते विचारू नका. प्रत्येकावर थोडं थोडं वाचते, पानांचे फोटो काढून ठेवते आणि मग फोनमधल्या त्या ढिगाकडे बघूनच दमते.

तर पुढचा विषय ठरवता कसा? नोकरीवाले लिहायला वेळ कुठून काढता? यातून पैसे म्हणावेत असं काही मिळतं का, की नोकरी सोडायचा विचारच येडेपणा आहे? आणि करार करताना काय बघायचं?

'आवड असली की सवड मिळते' टाइप उत्तरं प्लीज नकोत, ती घरी फुकट मिळतात.

हापूस_हंगामी

नोकरी सोडू नका. बाकीचं जाणकार सांगतीलच, मी इथेच बसलोय.

शाई_आणि_शेव

पोरी, साठी ओलांडलेला माणूस आहे, तेव्हा अगंतुगं चालवून घे. पेपरात आयुष्य गेलं, पुस्तकं त्याच्या कडेकडेने झाली.

पैशाचं आधी बोलून टाकू म्हणजे डोकं मोकळं होईल. मराठीत असल्या पुस्तकाची आवृत्ती साधारण पाचशे ते हजार प्रतींची. किंमत धर ३०० रुपये, रॉयल्टी धर १० टक्के, म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. हजारच्या हजार खपल्या तरी ३०,०००, आणि त्या खपायला वर्षं लागतात. लोकलचा पास, झेरॉक्स आणि मुलाखतीला जाताना नेलेले पेढे यातच ते संपायचे. नुसत्या पुस्तकांवर घर चालवणारे मराठीत बोटावर मोजण्याइतके, आणि त्यातलेही बरेचसे सोबत भाषांतर, सदर, व्याख्यानं, कुणाचं तरी संपादन असं काहीतरी करत असतात. तेव्हा पगार हीच तुझी फेलोशिप असं समज आणि चालू ठेव. धनंजय कीर मुंबई महापालिकेत कारकून होते हे लक्षात असू दे. नोकरीत असतानाच १९५० साली सावरकरांचं चरित्र, १९५४ साली आंबेडकरांचं, तेही बाबासाहेब हयात असताना, आणि इंग्रजीत. तेव्हा ना गूगल ना झेरॉक्स.

पण कीरांचं नाव मी चिकाटी वगैरे शिकवायला काढलेलं नाही, ते तुला येतंच. मला दाखवायचंय ते वेगळं. सावरकर, आंबेडकर, टिळक, मग १९६४ साली फुले, पुढे शाहू महाराज. सगळा एकच इलाका आहे. एका चरित्रासाठी उपसलेल्या फायली, जुनी वर्तमानपत्रं, पत्रव्यवहार, त्यातली माणसं, हे सगळं पुढच्या चरित्रात पुन्हा भेटतं. प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात नाही. जी माणसं आयुष्यात सात-आठ चांगली पुस्तकं करतात ती काही झोपत नाहीत असं नाही, ती दर वेळी नवं गाव वसवायला जात नाहीत इतकंच. तू मात्र पाणी, सर्कस आणि रेशनिंग घेऊन बसलीयस, म्हणजे तीन वेगळ्या ग्रंथालयांत तीन वेगळ्या वयाची होशील.

म्हणून माझं मत पाण्याला. का, तर ते तुझ्या पहिल्या पुस्तकाच्या शेजारच्या खोलीत राहतं. खाणावळवाल्या बायकांच्या रेकॉर्डिंग परत ऐक आणि नळ हा शब्द कुठे कुठे येतो ते बघ. चाळीत तीस-चाळीस गडी जेवायचे म्हणजे पाणी किती वाजता यायचं, पिंपं कुठे ठेवायची, नळावर पहिला नंबर कुणाचा, भांडण झालं की कोण मिटवायचं, हे तुझ्याकडे ऑलरेडी असणार आणि पुस्तकात आलं नसणार कारण तेव्हा तू जेवणाकडे बघत होतीस. पुढच्या पुस्तकाचं एक प्रकरण तुझ्या कपाटात पडलेलं आहे.

आणि पाण्याचे कागद मुंबईतच आहेत हा मोठा फायदा. मुंबईला पाणी देणारे जुने तलाव, विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२, त्यांचा सगळा सरकारी पत्रव्यवहार, नकाशे, भांडणं बघायची तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं दफ्तर, आहे, तिथे बस. १९०९-१०चं मुंबई शहराचं गॅझेटिअर नेटवर फुकट मिळतं, आधी ते वाच म्हणजे काय मागायचं ते कळेल. जुनी मराठी मासिकं-वर्तमानपत्रं लागतील तर दादर पूर्वेला नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ सालची संस्था आहे. टाउन हॉलला एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहेच, दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षं तिथे बसून वाचायच्या. तुझा शनिवार सुट्टीचा असेल तर या तिन्ही ठिकाणांच्या वेळा आणि सुट्ट्या आधी फोन करून विचार, नाहीतर फोर्टपर्यंत जाऊन वडापाव खाऊन परत यावं लागतं.

आता फोटोंचा ढीग. तो ढीग म्हणजे अभ्यास नाही, अभ्यास केल्याचं समाधान आहे. नोंद म्हणजे आपल्या हाताने, आपल्या शब्दांत लिहिलेली चार वाक्यं, आणि त्याच्या वर कुठून, कोणतं पान, कोणत्या तारखेला. फोटो काढलास तर त्याच आठवड्यात त्यातलं काय हवंय ते लिहून काढ आणि फोटो फोल्डरात टाक, न लिहिलेला फोटो तीन महिन्यांनी परक्याचा होतो. मी एका वहीत डाव्या पानावर मिळालेलं आणि उजव्या पानावर मला काय वाटलं ते लिहितो. मग लिहायला बसल्यावर उजवी पानं जुळवत गेलं की निम्मा मसुदा उभा राहतो, कोऱ्या कागदासमोर बसायची वेळच येत नाही.

वेळेचं म्हणशील तर डोंबिवली फास्टमध्ये लिहिता येत नाही हे मान्य कर आणि त्याचं दुःख करू नको. पण ऐकता येतं. मुलाखतीची रेकॉर्डिंग कानात लाव, महत्त्वाचं वाक्य आलं की फोनवर फक्त मिनिट टाइप कर, २३:४०, तांब्याचा हंडा, एवढंच. कुर्ला येईपर्यंत तासाभराच्या रेकॉर्डिंगमधलं काय उतरवायचं ते ठरलेलं असतं. लिहिणं पहाटे किंवा सुट्टीच्या दिवशी सकाळी. रात्री ऑफिसहून आल्यावर लिहिणारे मला तरी भेटलेले नाहीत, भेटले ते लिहायचा विचार करणारे.

आणि दिवाळी अंक विसरू नको. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला काढला तेव्हापासून मराठी माणसाला वर्षातून एकदा लांब लेख वाचायची सवय आहे, फार थोड्या भाषांना ही चैन आहे. एप्रिल-मेमध्ये संपादकाला दोन परिच्छेदांचं पत्र टाक, जुलै-ऑगस्टपर्यंत लेख दे. चार-पाच हजार शब्द, म्हणजेच पुस्तकाचं एक प्रकरण. मानधन बेताचंच, पण डेडलाइन मिळते, संपादकाचा हात फिरतो आणि मुख्य म्हणजे अंक आला की माणसं फोन करतात, 'अहो आमचे वडील तानशाला होते' म्हणून. दोन-तीन दिवाळ्यांत पुस्तकाचा सांगाडा तयार.

जोडाक्षर

मी प्रकाशनाच्या बाजूला काम करते, मुद्रितशोधनापासून सुरुवात केली, आता संपादन. काकांनी लेखनाचं सांगितलं, मी कागदाचं सांगते, कारण एकामागून एक पुस्तकं काढायची तर जुन्या पुस्तकांवर आपला ताबा हवा, तीच पुढे उपयोगाला येतात.

कॉपीराइट कायदा १९५७चा, त्यात कलम १९ आहे ते एकदा स्वतः वाचा, नेटवर आहे, अवघड नाही. हक्क द्यायचे तर ते लेखीच लागतात. करारात कुठले हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशात आणि रॉयल्टी किती हे लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन प्रकाशक वर्षभर नुसता बसला, काही छापलंच नाही, तर वेगळं काही ठरलेलं नसेल तर ते हक्क आपोआप गळून पडतात. हे बऱ्याच लेखकांना माहीतच नसतं, हस्तलिखित पाच-सहा वर्षं कुणाच्या तरी कपाटात पडून असतं आणि लेखक संकोचाने फोनही करत नाही.

'सर्व प्रकारचे हक्क कायमस्वरूपी' असं वाक्य दिसलं की तिथे थांबा. छापील मराठी आवृत्तीचे हक्क वेगळे, ई-बुक वेगळं, ऑडिओ वेगळं, भाषांतर वेगळं, प्रत्येकाची टक्केवारी वेगळी लिहून मागा. हल्ली ऑडिओला मागणी आहे, तुमचं खाणावळीचं पुस्तक तर ऐकायलाच जास्त छान वाटेल. कॉपीराइट तुमच्या हयातीनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे आज सही करताना तुम्ही नातवंडांचंही ठरवताय. दरवर्षी किती प्रती छापल्या, किती विकल्या, किती शिल्लक याचा हिशोब लेखी मिळेल अशी एक ओळ घाला. चांगला प्रकाशक याला नाही म्हणत नाही, आणि जो म्हणतो त्याच्याबद्दल तुम्हाला फुकटात माहिती मिळाली. दिवाळी अंकाला लेख देतानाही मेलमध्ये एक ओळ टाका, 'फक्त या अंकात प्रथम प्रसिद्धीसाठी, पुस्तकाचे हक्क माझ्याकडे', बास.

आता एक किचकट गोष्ट जी कुणी सांगत नाही. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करता, बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे अजून जुने फॉन्ट चालतात, त्यात रूपांतर करताना अक्षरं मोडतात. 'सुऱ्या', 'दऱ्या' यातला तो अर्धा र, 'ट्र', 'द्ध', 'ह्य' ही नेहमीची गिऱ्हाइकं. त्यातून आकडे. एका पुस्तकात धरणाच्या साठ्याच्या तक्त्यातला दशांश चिन्हाचा ठिपका उडाला होता आणि अख्खं धरण दहापट झालं होतं, तिसऱ्या प्रुफात सापडलं. पाण्याचं पुस्तक म्हणजे तक्ते येणारच, तेव्हा प्रत्येक प्रुफात आकडे मूळ नोंदीशी ताडून बघायचे, पहिल्या प्रुफात बघितले होते हे कारण चालत नाही. आणि अंतिम मजकुराची युनिकोड फाइल प्रकाशकाकडून परत मागून घ्या, दुसरी आवृत्ती, ई-बुक, काहीही करायचं तर तीच लागते.

सूची, म्हणजे कुठलं नाव किंवा विषय कुठल्या पानावर आहे ती शेवटची यादी, स्वतः करा. मराठी माहितीपर पुस्तकांना सूची नसते ही आपली जुनी बोंब आहे. मोठ्या कष्टाने लिहिलेलं पुस्तक पुढच्या अभ्यासकाला वापरता येत नाही, मग कुणी उल्लेख करत नाही, मग पुस्तक विसरलं जातं. पान नंबर पक्के झाल्यावर एक आठवडा मागून घ्या आणि बसा. जुन्या फोटोंच्या परवानग्यासुद्धा आधीच लेखी घ्या, छपाईला जायच्या आदल्या दिवशी नाही.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. दिल्लीला राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय एजन्सी आहे, ती फुकट देते.

रील_पाहून_आलो

काय हे सगळे आजोबा-छाप सल्ले. दीडशे वर्षांपूर्वीच्या फायली कोण वाचणार? ताई, सरळ सांगतो, आज लेखक म्हणजे ऑडियन्स. आधी इन्स्टाला पेज काढा, रोज एक मिनिटाचं रील, 'तुमच्या नळाला पाणी कुठून येतं', लाखभर फॉलोअर झाले की पुस्तक स्वतः छापा, प्रकाशक कशाला हवा, १० टक्क्यांसाठी कोण नाचतं. नोकरीही सुटेल.

शाई_आणि_शेव

रील काढायला माझी हरकत नाही, तरुण पोरं बघतात, चांगलंय. पण रोज एक काढायचं तर त्यात रोज सांगायला काय आणणार? दुसऱ्या आठवड्यात विकिपीडिया संपतो. त्या फायली वाचलेल्या असतील तर वर्षभर पुरतील. आणि स्वतः छापायचं म्हणजे पाचशे प्रतींचे गठ्ठे डोंबिवलीच्या वन-बीएचकेत कॉटखाली, पार्सलं करायला तीच, दुकानदाराकडून वसुली करायला तीच. त्या वेळात तिसरं पुस्तक होतं.

जोडाक्षर

थोडी भर. स्वतः छापायला माझा विरोध नाही, काही जण फार नेटकं करतात. पण मराठी पुस्तकांच्या विक्रीत सार्वजनिक ग्रंथालयांचा वाटा मोठा आहे, १९६७च्या ग्रंथालय कायद्यानंतर गावोगाव अनुदानित वाचनालयं झाली, तिथपर्यंत पुस्तक पोचवायचं जाळं प्रकाशकाकडे असतं, एकट्या लेखकाकडे सहसा नसतं. रील बघून वाचनालयाची समिती पुस्तक घेत नाही.

रील_पाहून_आलो

ओके ओके, पॉइंट आहे. तरी पेज काढाच.

भाऊचा_धक्का

मला पाण्याबद्दल काहीच म्हणायचं नाही, पण विषय निवडायचा हिशोब सगळ्यांनी उलटा लावलाय असं वाटतं. पुराभिलेखातला १८६०चा कागद अजून वीस वर्षांनी तिथेच असणार आहे (वाळवी आणि आपलं नशीब). पण कोकणच्या बोटीने प्रवास केलेली, बोटीवर काम केलेली माणसं? साठ-सत्तरच्या दशकात ज्यांनी बोटीवर ऐन उमेदीत काम केलं ती आता ऐंशीच्या घरात. रामदास बोट १७ जुलै १९४७ला रेवसला जाताना बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, ते स्वतः पाहिलेलं सांगणारं आता कोण उरलंय? पेपरातली कात्रणं उरली.

आमच्याकडे विजयदुर्गच्या बाजूला अजून म्हातारी माणसं आहेत ज्यांना सगळं आठवतं. बोट धक्क्याला लागायची नाही, लांब समुद्रात उभी राहायची, मग माणसं पडावात बसून बोटीपर्यंत जायची, लाटेवर पडाव वर आला की खलाशी दंड धरून खेचून घ्यायचा, तो क्षण चुकला की परत खाली. माझ्या आत्तेला तान्ह्या पोरासकट असं खेचलंय, पोर आधी दिलं, मग ती. पडावाचे पैसे वेगळे, त्यावरून घासाघीस. डेकवर ट्रंका, फणस, कोंबड्या, ओकाऱ्या, आणि त्यात कुणीतरी भजन लावलेलं. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत जायची, पावसाळ्यात बंद. हे कुठल्याही सरकारी फाइलीत मिळणार नाही, फाइलीत टनेज मिळेल आणि कंपनीने किती भाडं वाढवलं ते.

म्हणजे मी म्हणत नाही की बोटीचं पुस्तक आधी लिहा. पाण्याचंच लिहा, ते तुमच्या इलाक्यात आहे हे काकांचं बरोबर आहे. पण माणसं आता रेकॉर्ड करून ठेवा, उतरवणं मागाहून करा. एक पुस्तक लिहायचं आणि दुसऱ्याचं नुसतं गोळा करायचं, दोन्ही एकाच वेळी चालू शकतं, त्यांना डोक्याचा वेगवेगळा भाग लागतो. ज्या विषयातली माणसं म्हातारी तो विषय आधी गोळा करायचा, मग त्यावर लिहायचं मन पाच वर्षांनी का होईना.

शाई_आणि_शेव

धक्केवाल्याचं पटलं. हे मी सांगायला हवं होतं खरं तर. पण गोळा करायला घेतलेल्याचीही वही पहिल्या दिवसापासून, नाहीतर ती रेकॉर्डिंग नुसती पडून राहतात, कोण बोलतंय तेही कळत नाही. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आपणच मोठ्याने बोलायचं, आज अमुक तारीख, अमुक गाव, अमुक बाई, वय इतकं, आणि हे छापायला त्यांची परवानगी आहे, ती त्यांच्याच तोंडून. जोडाक्षरबाई खूश होतील.

माजी_जलखातं

मी पालिकेच्या जलअभियंता खात्यातून रिटायर झालोय, धागा वाचून राहवलं नाही. पाण्यावर लिहिणारे सगळे तलावांवर लिहितात, सात तलाव, अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी, झालं. पावसाळ्यात पेपरवाले पण तेच टक्के छापतात. खरी गंमत भांडुप आणि पांजरापूरच्या शुद्धीकरणानंतर सुरू होते. मुंबईत चोवीस तास सगळीकडे पाणी सोडत नाहीत, विभागवार ठरलेल्या वेळी सोडतात, आणि ते सोडतो चावीवाला. रस्त्यातलं छोटं झाकण उघडायचं, कमरेएवढी लोखंडी चावी आत घालायची आणि दोघांनी मिळून फिरवायची. किती आटे फिरवले की टेकडीवरच्या वस्तीत पाणी चढतं आणि खालच्या गल्लीत बोंब होत नाही हे त्याच्या हाताला माहीत असतं. जुना चावीवाला रजेवर गेला की वॉर्डात फोन वाजायला लागतात. त्या माणसाबरोबर एक पहाट काढा, तलावाच्या दहा पुस्तकांत नाही ते मिळेल.

आणि शहापूर तालुक्यात जरूर जा. तानसा, भातसा, मोडक सागर, सगळं त्या पट्ट्यात, आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकर. आम्ही खात्यातली माणसं हे बघत आलोय, त्यावर बोलायची आमची पद्धत नव्हती.

कागद हवे असतील तर माहितीचा अधिकार वापरा, २००५चा कायदा, अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, झेरॉक्स पानाला २ रुपये. फक्त 'का' विचारू नका. 'अमुक वस्तीला पाणी कमी का' याला उत्तर येणार नाही किंवा गोलगोल येईल. 'अमुक वॉर्डातलं अमुक वर्षाचं पाणी सोडण्याचं वेळापत्रक, त्याची प्रत' असं मागा. कागद आहे तो द्यावा लागतो, मत नाही. अर्ज वॉर्डाच्या जलकामे विभागाला, मुख्यालयात टाकलात तर इकडून तिकडे फिरत बसेल.

सीए_पण_वाचतो

एक छोटंसं. रॉयल्टी कमी असली तरी हिशोब ठेवा. आयकरात ८० क्यूक्यूबी म्हणून लेखकांसाठी वजावट आहे, साहित्य, कला किंवा विज्ञान विषयाच्या पुस्तकाच्या रॉयल्टीवर वर्षाला ३ लाखांपर्यंत, पण जुनी करपद्धत घेतली असेल तरच, आणि पाठ्यपुस्तकं, गाइडं, मासिकातले लेख यात बसत नाहीत. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा आहे त्यामुळे कलमांचे नंबर बदलतात, रिटर्न भरताना आपल्या माणसाला नवा नंबर विचारा. तीस हजारांसाठी जुनी पद्धत घेऊ नका मात्र, पगाराचं गणित आधी बघा.

परळची_पोर

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काल रात्री जेवण झाल्यावर खरंच जुनी रेकॉर्डिंग काढली. पहिल्याच मुलाखतीत, लालबागच्या एक मावशी, त्या म्हणतात 'नळाला तीन वाजता यायचं म्हणून मी कधी स्वप्न पूर्ण बघितलंच नाही'. हे मी तेव्हा उतरवलं होतं आणि पुस्तकातून काढून टाकलं होतं कारण जेवणाशी संबंध नव्हता! काका, तुम्ही बरोबर.

तर ठरवलंय असं. पाणी लिहायला, बोटी गोळा करायला. रेशनिंग आणि बॅकस्टेज सध्या वहीच्या शेवटच्या पानावर. सर्कस सोडत नाहीये, फक्त गप्प बसवलीय. नोकरी चालू, हापूसदादा खूश. पुढच्या दिवाळीसाठी चावीवाल्यावर लेख करावा म्हणते, जलखातं काका, एखाद्या चावीवाल्याशी ओळख करून द्याल का? आणि धक्का दादा, विजयदुर्गला मी मे महिन्यात येऊ शकते, तुमच्या आत्या भेटतील?

एक अजून, लेख आधी आला आणि मग तेच प्रकरण पुस्तकात गेलं तर वाचणारे 'हे वाचलंय' म्हणून पुस्तक घेत नाहीत का?

जोडाक्षर

नाही हो. दिवाळी अंक वाचणारे आणि पुस्तक घेणारे थोडे एकच असतात, बाकी वेगळे, आणि जे एकच असतात त्यांना लेख आवडला म्हणूनच ते पुस्तक घेतात. पण लेख जसाच्या तसा चिकटवू नका. लेख एकटा उभा असतो, त्यात प्रत्येक गोष्ट नव्याने सांगावी लागते, भातसा कुठे आहे इथपासून. पुस्तकात ते पहिल्या प्रकरणात येऊन गेलेलं असतं, त्यामुळे ती वाक्यं काढा आणि त्या जागी अंक आल्यावर जे फोन येतील त्यातलं घाला.

माजी_जलखातं

ओळख करून देतो, मेसेज करा. पहाटे साडेतीनला यावं लागेल, डोंबिवलीहून जमणार नाही, आदल्या रात्री दादरला कुणाकडे तरी राहा. आणि चपला नको, बूट घाला, झाकणाभोवती शेवाळ असतं.

भाऊचा_धक्का

आत्ये आसा हो, खुशाल या. मेमध्येच या, जूनमध्ये रस्त्याचं काही खरं नाही. फक्त डाव्या बाजूला बसा, उजव्या कानाने तिला ऐकू येत नाही, आणि ती एकदा सुरू झाली की फोनची बॅटरी पुरणार नाही, चार्जर आणा.